जेटीटी, एलजी की एमटीआर्ट: मॉडेल बदललं की झाड का बदलतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुमच्याकडे रत्नागिरीच्या आसपासच्या समुद्रातल्या आणि खाड्यांमधल्या २३ कवचधारी जातींची मायटोकॉन्ड्रियातली १३ प्रथिनं आहेत. त्यात चिंबोरी, समुद्री खेकडे, शंखात राहणारे खेकडे, शेवंड, खाऱ्या पाण्यातल्या कोळंब्या आणि नदीतली मोठी कोळंबी म्हणजे मॅक्रोब्रॅकियम. आउटग्रुप, म्हणजे तुलनेसाठी घेतलेली गटाबाहेरची जात, म्हणून माकूल. एकूण २४ जाती, अलाइनमेंट (सगळ्यांचे क्रम एकाखाली एक जुळवून केलेली मांडणी) छाटल्यावर ३,४२० जागा. त्यावर तुम्ही जेटीटी, वॅग, एलजी, एमटीरेव्ह आणि एमटीआर्ट अशी पाच मॉडेलं चालवून जातींच्या नात्यांचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, काढलंत. बाकीचं झाड साधारण सारखंच येतं, पण एक फांदी हलते: जेटीटीच्या झाडात नदीतली कोळंबी खाऱ्या कोळंबीला चिकटून बसते, एमटीआर्टच्या झाडात ती तिला सोडून खेकडे आणि शेवंडांच्या बाजूला जाते. सर म्हणतात, जेटीटी ठेवा, सगळे तेच वापरतात. तुमचं म्हणणं, एमटीआर्टचा लॉग-लाइकलीहुड (मॉडेल डेटाशी किती जुळतं याचा आकडा) दोन हजारांहून जास्त चांगला आहे, मग तेच खरं झाड ना?

मॉडेलबाबत तुमचं बरोबर आहे. झाडाबाबत अजून सिद्ध काहीच झालेलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेली अठरा वर्षं हे काम करताना लोकांचा सगळ्यात जास्त घोळ मी इथेच होताना पाहिलाय. माझाही झालाय.

ही मॉडेलं म्हणजे मुळात काय, ते आधी बघू. वीस अमिनो आम्लांपैकी कोणाच्या जागी कोण किती सहज बसतं, याचं ते कोष्टक. बांगड्याचं तिखलं करताना सोलं संपलेली असली तर आपण कैरी घालतो, बिंबलं असतील तर ती घालतो. आंबटपणा आला की काम भागतं. पण तिरफळं नसली तर त्यांच्या जागी घालण्यासारखं काहीच नसतं. प्रथिनांतही तसंच. आयसोल्यूसिन, व्हॅलिन, ल्यूसिन, मिथिओनिन ही पाणी टाळणारी मंडळी एकमेकांच्या जागी बिनदिक्कत बसतात. ट्रिप्टोफॅन आणि सिस्टीन ही तिरफळं. असं कोष्टक सुरुवातीला करणाऱ्या डेहॉफ यांच्या आकड्यांत सगळ्यात कमी बदलणारी हीच दोन आहेत, आणि सगळ्यात चंचल अ‍ॅस्परॅजिन आणि सेरिन.

आता हे कोष्टक कोणाच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं, हा खरा प्रश्न. मालवणच्या घरात बसून कोणी ‘कशाऐवजी काय’ची यादी केली आणि तीच घेऊन सोलापूरला स्वयंपाक केला तर चुकेलच असं नाही, पण बिंबलांच्या ओळीला तिथे काही अर्थ उरणार नाही. मार्गारेट डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ७१ प्रथिन-गटांमधले १,५७२ बदल मोजून आपलं गाजलेलं कोष्टक केलं. तेव्हा हाताशी होतं तेवढ्यावर. अगदी जवळची, किमान ८५ टक्के सारखी प्रथिनंच त्यांनी घेतली, म्हणजे एकाच जागी दोनदा बदल होऊन मोजणी फसणार नाही. जोन्स, टेलर आणि थॉर्न्टन यांचं जेटीटी १९९२चं. मोजण्याची रीत साधारण तीच, माहिती मात्र कितीतरी जास्त. व्हेलन आणि गोल्डमन यांनी २००१ मध्ये वॅगसाठी १८२ कुटुंबांतली ३,९०५ प्रथिनं घेतली आणि नुसती मोजणी न करता लाइकलीहुडची पद्धत वापरली. ले आणि गॅस्क्युएल यांनी २००८ मध्ये एलजीसाठी ३,९१२ अलाइनमेंट वापरल्या आणि हिशेबात एक महत्त्वाची गोष्ट आणली: प्रथिनातल्या सगळ्या जागा एकाच वेगानं बदलत नाहीत. म्हणून पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांसाठी मी आज डोळे झाकून एलजीपासून सुरुवात करतो.

पण तुमची प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांची नाहीत. मायटोकॉन्ड्रियाची ही १३ च्या १३ प्रथिनं पडद्यात रुतून बसलेली. त्यांच्या बऱ्याचशा भागाला तेलकट शेजार लागतो, त्यामुळे तिथे ल्यूसिन, आयसोल्यूसिन, फेनिलअ‍ॅलनिन, मिथिओनिन यांची गर्दी असते आणि अदलाबदलही बहुतेक त्यांच्यातल्या त्यांच्यात होते. त्यात संधिपादांच्या (खेकडे, कोळंब्या, कीटक वगैरेंच्या) मायटोकॉन्ड्रियातला डीएनए ए आणि टी या अक्षरांनी भरलेला. ज्या अमिनो आम्लांचे कोडॉन, म्हणजे डीएनएतले तीन अक्षरी शब्द, ए-टीचे, ती आपोआप वाढतात; ग्लायसिन, अ‍ॅलनिन, आर्जिनिन, प्रोलिन मागे पडतात. वॅग आणि एलजी शिकली ती मुख्यतः वेगळ्याच जातीच्या प्रथिनांवर. एमटीरेव्ह १९९६चं, अदाची आणि हासेगावा यांचं. मायटोकॉन्ड्रियाचंच, पण २० पृष्ठवंशी प्राण्यांवर बेतलेलं. म्हणजे बांगडा-सुरमईसाठी ठीक, कुर्लीसाठी, म्हणजे खेकड्यासाठी, पाहुणा. एमटीआर्ट २००७ मध्ये अबास्कल, पोसादा आणि झार्दोया यांनी संधिपादांच्याच मायटोकॉन्ड्रियावरून काढलं. तुमच्या तक्त्यात ते पहिलं आलं यात नवल नाही. ते पहिलं आलं नसतं तर मी तुम्हाला फायली पुन्हा तपासायला सांगितलं असतं. एमटीझोआ (२००९) आणि एमटीमेट (२०१७) यांनाही शर्यतीत घ्या. ती सगळ्या प्राणिसृष्टीवर शिकलेली आहेत आणि तुमचं माकूल संधिपाद नाही, तेव्हा कधीकधी ती एमटीआर्टच्या पुढे जातात.

तुम्ही पाचही मॉडेलं नुसती चालवलीत, +जी न लावता. याचं मला खरं तर जास्त वाईट वाटलं. कोणतं कोष्टक घ्यायचं याहून मोठा फरक बहुतेक वेळा या एका गोष्टीनं पडतो. प्रथिनातल्या काही जागा कोट्यवधी वर्षं हललेल्या नसतात, काही जागा सतत चुळबुळ करतात. +जी म्हणजे या वेगांचं गॅमा वितरण; झीहेंग यांग यांनी १९९४ मध्ये त्याचे चार टप्पे करून हिशेब सोपा केला, तेच आज सगळीकडे चालतं. त्याला लागतो फक्त एक जास्तीचा आकडा, अल्फा. तो एकपेक्षा कमी आला तर समजायचं, बऱ्याचशा जागा निवांत आहेत आणि थोड्या सुसाट. मायटोकॉन्ड्रियाच्या प्रथिनांत तो कमीच येतो. +जी नसेल तर मॉडेलला वाटतं सगळ्या जागा सारख्याच वेगानं चालतात. मग सुसाट जागी बदलावर बदल झालेले त्याला दिसत नाहीत, लांब (म्हणजे खूप बदल झालेल्या) फांद्या तो आखूड धरतो, आणि दोन लांब फांद्यांवर योगायोगानं आलेली सारखी अक्षरं त्याला नातं वाटतात. लांब फांद्या एकमेकींना ओढतात म्हणतात ते हेच. जोसेफ फेल्सनस्टाइन यांनी पार्सिमनीबाबत (कमीत कमी बदलांचं झाड निवडणाऱ्या पद्धतीबाबत) हा धोका दाखवला १९७८ साली. (डेहॉफचं कोष्टक १९७८चं, श्वार्ट्झचा बीआयसी हा मॉडेल निवडायचा निकष १९७८चा, आणि हा इशाराही १९७८चाच. आपल्या धंद्याची निम्मी शिदोरी एका वर्षातली.)

आता तुलना कशी करायची. जेटीटी, वॅग, एलजी, एमटीआर्ट ही तयार कोष्टकं. त्यांतले आकडे तुमच्या डेटावरून काढलेले नाहीत. त्यामुळे नुसत्या कोष्टकांची आपापसांत तुलना करताना सगळ्यांचे मोकळे आकडे, म्हणजे डेटावरून काढावे लागणारे, सारखेच असतात: २४ जातींच्या मूळ न दाखवलेल्या झाडाच्या २ × २४ − ३ = ४५ फांद्या. सगळ्यांना दंड सारखा, म्हणून तिथे सरळ लॉग-लाइकलीहुड बघितला तरी चालतो. एआयसी-बीआयसीची, म्हणजे वाढीव आकड्यांना दंड लावणाऱ्या निकषांची, गरज लागते ती पुढे, +जी, +एफ अशा शेपट्या लावायला लागलो की.

+एफ घ्या. याचा अर्थ, वीस अमिनो आम्लांचं प्रमाण कोष्टकातलं न घेता तुमच्या डेटातलं घ्यायचं. वाढीव मोकळे आकडे १९, कारण वीस जणांची बेरीज एक होते, तेव्हा विसावा आपोआप ठरतो. एआयसीमध्ये दर आकड्याला दंड २. बीआयसीमध्ये दर आकड्याला दंड ln(n), आणि n म्हणजे तुमच्या ३,४२० जागा. ln(३,४२०) साधारण ८.१४. एकोणीस गुणिले ८.१४ म्हणजे १५५ च्या आसपास. सूत्रात लाइकलीहुडला २ नं गुणतात, म्हणून बीआयसीच्या दृष्टीनं +एफ परवडायला लॉग-लाइकलीहुड किमान ७७-७८ नं सुधारायला हवा. एआयसीला १९ पुरतात. समजा तुमची सुधारणा ६० निघाली: एआयसी म्हणेल घ्या, बीआयसी म्हणेल नको. अशा वेळी लोक कपाळाला हात लावतात. मी दोन्ही झाडं काढून बघतो. ६० च्या फरकानं झाड बदलत नसेल तर वाद घालण्यात वेळ घालवत नाही. बदलत असेल तर मात्र ती बातमी आहे, आणि ती कोणत्या फांदीवर आहे ते लिहून ठेवतो.

याच हिशेबानं बघा, सगळं कोष्टकच तुमच्या डेटावरून काढायचं म्हटलं तर काय होतं. अदलाबदलीचे १८९ आणि प्रमाणांचे १९, मिळून २०८ मोकळे आकडे. बीआयसीला परवडायला सुधारणा जवळजवळ ८५० हवी. तेरा प्रथिनं एकत्र असताना ती मिळूही शकते, पण ट्रिप्टोफॅन-सिस्टीनसारख्या दुर्मिळ जोड्यांचे आकडे काढायला तुमच्याकडे उदाहरणंच किती असणार? पाच-सात बदलांवरून काढलेल्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही. जाती शंभरच्या पुढे गेल्या की मग बोलू.

+आय, म्हणजे कधीच न बदलणाऱ्या जागांचा वेगळा वाटा, हा मी +जीच्या जोडीला शक्यतो लावत नाही. दोघं एकमेकांच्या हद्दीत शिरतात आणि अल्फाचा अर्थ बिघडतो. गॅमा पुरेसा वाटला नाही तर वेगांचे गट मोकळे सोडणारं +आर बघा.

हे सगळं हातानं करायची गरज नाही. झाड काढणाऱ्या आयक्यू-ट्री या सॉफ्टवेअरमधलं मॉडेलफाइंडर तासाभरात पूर्ण यादी पालथी घालतं. फक्त एक करा: त्याला फक्त मायटोकॉन्ड्रियाची कोष्टकं तपासायला सांगा. तसं न सांगता सोडलं तर ते फ्लूच्या आणि एचआयव्हीच्या विषाणूंवर बेतलेली कोष्टकंही कुर्लीला लावून बघतं, आणि छोट्या अलाइनमेंटवर असलं काही चुकून जिंकलं की व्हायव्हात तुम्हाला उत्तर देता येत नाही. सगळ्या मॉडेलांना तीच अलाइनमेंट द्या. छाटलेल्या आणि न छाटलेल्या फायलींचे लॉग-लाइकलीहुड शेजारी ठेवून तुलना केलेले प्रबंध मी वाचलेत. ते आकडे शेजारी ठेवणं म्हणजे पाटीचा भाव आणि किलोचा भाव शेजारी ठेवणं. पाऊस सुरू झाल्यावर आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, पण आयक्यू-ट्री मधल्या टप्प्याची नोंद ठेवत जातं. तीच आज्ञा पुन्हा दिली की पुढून सुरू होतं. घाबरून पहिल्यापासून सुरू करू नका.

पुढे जाण्याआधी एक तपासून घ्या. अनुवादाला कोणता जनुकीय कोड लावलात? २०११च्या पावसाळ्यात मी स्वतः हा गोंधळ घातला. खेकड्यांचे मायटोकॉन्ड्रियाचे क्रम अनुवादाला टाकले आणि कोडची यादी होती तशीच, प्रमाण कोडवर, राहू दिली. अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, प्रमाण कोडमध्ये ते ‘थांबा’. त्यामुळे प्रथिनांत जागोजागी फुल्या आल्या. मी शहाणपणा करून सगळ्या फुल्यांच्या जागी एक्स टाकले आणि पुढे गेलो. एटीए हा मिथिओनिनचा कोडॉन आयसोल्यूसिन म्हणून वाचला गेला, एजीए सेरिनऐवजी आर्जिनिन म्हणून, आणि यांनी तर फुलीचाही आवाज केला नाही. झाड आलं, बऱ्यापैकी दिसलं. तेच वाईट झालं. वेडंवाकडं आलं असतं तर त्याच दिवशी शंका आली असती. दोन महिन्यांनी कॉक्स-१ या मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाची अलाइनमेंट सहज वर-खाली सरकवताना लक्षात आलं की सगळ्या जातींत त्याच त्याच रांगांत एक्स आहेत. जी अक्षरं कधी बदलत नाहीत, ती तिरफळंच मी फेकून दिली होती. पृष्ठवंशीयांचा मायटोकॉन्ड्रिया कोड लावला तरी एजीए आणि एजीजी ‘थांबा’ होतात, तेव्हा तोही नको. यादीत पाच नंबरचा कोड हवा. आणि तो लावूनही मध्येच ‘थांबा’ दिसला तर अनुवाद दुरुस्त करत बसू नका. केंद्रकात जाऊन पडलेली जुनी, निकामी प्रत तुमच्या हाती लागली असण्याची शक्यता आहे. तो क्रमच बाहेर काढा.

आता हलणाऱ्या फांदीकडे.

बाजारात दोन्ही कोळंबीच. मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात येणारी टायगर किंवा सफेद कोळंबी, आणि नदीच्या डोहात मिळणारी निळसर नांग्यांची मॅक्रोब्रॅकियम. पण सोलताना एकदा नीट बघा. शेपटीकडच्या भागावर कवचाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक असतात. खाऱ्या कोळंबीत पहिल्या पट्टीची कड दुसरीवर येते, दुसरीची तिसरीवर, असं ओळीनं. मॅक्रोब्रॅकियममध्ये दुसरी पट्टी दोन्हीकडे पसरलेली असते: पुढे पहिलीवरही आणि मागे तिसरीवरही. खाऱ्या कोळंबीच्या पहिल्या तीन पायांच्या जोड्यांना चिमटे असतात, हिच्या दोनच जोड्यांना. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, खारी कोळंबी अंडी पाण्यात सोडून देते. मॅक्रोब्रॅकियमची मादी ती पोटाखालच्या पायांना चिकटवून वागवते, जशी शेवंड वागवते, जशी कुर्ली पोटाच्या झडपेखाली नारिंगी लगदा घेऊन हिंडते. म्हणूनच प्राणिशास्त्रात खाऱ्या कोळंब्या एका बाजूला, डेंड्रोब्रँकिएटा, आणि अंडी वागवणारे बाकी सगळे, नदीच्या कोळंबीसकट, दुसऱ्या बाजूला, प्लिओसायमाटा, अशी विभागणी आहे. म्हणजे तुमचं एमटीआर्टचं झाड शरीररचनेशी जुळतं, जेटीटीचं बाजाराशी.

इथे तुम्हाला आनंद होईल, आणि इथेच जपायला हवं. अंडी बघून मॉडेल निवडायचं नाही. मॉडेल निवडायचं ते अलाइनमेंटवरून. अंडी हा वेगळा साक्षीदार, त्याची साक्ष वेगळी नोंदवायची. नाहीतर आपल्याला हवं ते झाड येईपर्यंत मॉडेलं बदलत राहायची आणि आलं की त्याला ‘योग्य मॉडेल’ म्हणायचं, हा खेळ होतो.

तुमचे बूटस्ट्रॅपचे, म्हणजे डेटा पुन्हा पुन्हा उचलून फांदी शंभरात किती वेळा टिकते याचे, आकडे बघा. एमटीआर्टच्या झाडात त्या फांदीला ८८, जेटीटीच्या उलट्या फांदीला ७१. तुम्ही ८८ ला ‘भक्कम’ लिहिलंय. तुम्ही वापरलाय तो अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप. त्यात ९५ च्या खाली मी भक्कम म्हणत नाही. जुन्या बूटस्ट्रॅपमधली ७० ची सवय इथे चालत नाही. तेव्हा खरं चित्र असं: एक मॉडेल कुजबुजतं ‘इकडे’, दुसरं त्याहून हळू कुजबुजतं ‘तिकडे’. ही फांदी अंगानं आखूड आहे. हे गट फार जुन्या काळी, थोड्या अवधीत फुटले, आणि नंतर प्रत्येकाची स्वतंत्र वाटचाल लांबलचक. अशा जागी मॉडेलची छोटी चूकसुद्धा पारडं फिरवते. कुर्ली आणि समुद्री खेकडे एकत्र येतात ती फांदी तुम्ही कोणतंही कोष्टक लावलंत तरी हलणार नाही. एका-एका प्रथिनावरून काढलेल्या झाडांत मॉडेलच्या क्रमवारीनं झाडाच्या आकाराला फारसा फरक पडत नाही, असं दाखवणारं काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, आणि माझा अनुभवही बहुतांश फांद्यांबाबत तोच आहे. मॉडेलची खरी कसोटी अशा एक-दोन फांद्यांवरच लागते.

म्हणून पहिलं, माकूल काढा. ते मृदुकाय, तुमचे बाकी सगळे कवचधारी. इतक्या दूरचा आउटग्रुप म्हणजे झाडाला बांधलेली एक भलीमोठी लांब फांदी, आणि ती तुमच्या जातींमधल्या सगळ्यात सुसाट फांदीला बुडाकडे ओढते. त्याऐवजी मँटिस श्रिम्प घ्या. तो दशपादांच्या, म्हणजे खेकडे-कोळंबी-शेवंडांच्या गटाच्या, बाहेरचा, पण त्याच मोठ्या कुळातला. दोन-तीन जाती मिळाल्या तर उत्तम, एकच लांब फांदी राहत नाही. माझा अंदाज आहे की निम्मा गोंधळ इथेच मिटेल.

दुसरं, आयक्यू-ट्री सुरुवातीलाच प्रत्येक जातीपुढे अमिनो आम्लांच्या प्रमाणाची चाचणी छापतं, पास किंवा नापास. ती ओळ कोणी वाचत नाही. वर सांगितलेली सगळी मॉडेलं धरून चालतात की झाडभर प्रमाण एकच आहे. दोन लांबच्या जातींमध्ये ए-टी स्वतंत्रपणे वाढलं असेल तर त्यांची अमिनो आम्लं सारखी दिसू लागतात आणि एमटीआर्टसुद्धा फसतं. नापास झालेल्या जाती काढून एकदा झाड काढा. हाच हेतू ठेवून वीस अमिनो आम्लं डेहॉफच्या सहा गटांत टाकूनही झाड काढता येतं. माहिती बरीच जाते, म्हणून मी ते फक्त पडताळ्यासाठी करतो. आणि तेरापैकी चार जनुकं, एनडी-१, एनडी-४, एनडी-४एल आणि एनडी-५, बहुतेक कवचधारींत डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावर असतात. त्यांचा कल उलटा. त्यांना वेगळा भाग करून वेगळं मॉडेल द्या.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एमटीआर्ट असो वा एलजी, एक कोष्टक म्हणजे सगळ्या जागांना एकच पाककृती. प्रत्यक्षात पडद्यात रुतलेल्या एका जागेला दोन-तीन तेलकट अमिनो आम्लंच चालतात, बाहेर डोकावणाऱ्या जागेला भलतीच. जिथे दोनच पर्याय आहेत तिथे दोन जातींत तेच अक्षर पुन्हा येणं अगदी सहज घडतं. एक-कोष्टकी मॉडेलला वाटतं तिथे वीस पर्याय होते, म्हणून तो योगायोग त्याला नातं वाटतो. यावर लार्तिलो आणि फिलिप यांचं कॅट मॉडेल आलं २००४ मध्ये. २००८ मध्ये त्याचाच सुटसुटीत अवतार, सी-१० ते सी-६०, म्हणजे दहा ते साठ तयार साच्यांचं मिश्रण. तुमच्या २४ जातींना सी-२० साध्या लॅपटॉपवर चालेल, सी-६० ला मेमरी कमी पडली तर पीएमएसएफ ही त्याची हलकी रीत आहे. मॉडेलफाइंडर ही मिश्रणं स्वतःहून तपासत नाही, त्याला सांगावं लागतं. म्हणून ‘मॉडेलफाइंडरनं निवडलेलं सर्वोत्तम’ म्हणजे त्याला दाखवलेल्यांतलं सर्वोत्तम, एवढाच अर्थ घ्या. फायलोबेझ या सॉफ्टवेअरमध्ये मूळ कॅट चालवायचं असेल तर दोन साखळ्या, म्हणजे स्वतंत्र धावा, चालवा आणि दोघींतला सगळ्यात मोठा फरक ०.३ च्या खाली, शक्यतो ०.१ च्या खाली येईपर्यंत थांबा. आठवडे लागतात. डेडलाइन जवळ असेल तर नादी लागू नका.

एवढं झाल्यावर दोन्ही झाडं, बाजाराचं आणि शरीररचनेचं, सगळ्यात चांगल्या मॉडेलखाली एयू चाचणीला लावा; डेटा एखादं झाड नाकारतो का हे ती सांगते. शिमोदायरा यांची, २००२ची. एका झाडाची पी-किंमत ०.०५ च्या खाली गेली तर ते नाकारलं असं लिहा. दोन्ही वर राहिली तर ‘या डेटावरून ठरत नाही’ असं लिहा. हे लिहायला लाज वाटायचं कारण नाही. परीक्षक म्हणून मी अशा वाक्याला गुण देतो, ८८ ला भक्कम म्हणणाऱ्या वाक्याचे कापतो.

तुमच्या मैत्रिणीनं जोडून विचारलंय: चिंबोरीच्या, म्हणजे सायलाच्या, जाती ओळखायला कॉक्स-१ च्या बारकोडचं प्रथिन करून कोणतं मॉडेल लावू? कोणतंच नको. ६५८ बेसच्या तुकड्याची जेमतेम २१९ अमिनो आम्लं होतात आणि इतक्या जवळच्या जातींत ती जवळजवळ सारखीच असतात. बहुतेक फरक कोडॉनच्या तिसऱ्या अक्षरात असतो आणि अनुवाद करताना नेमका तोच पुसला जातो. डीएनएवरच काम करा.

सरांचं काय? त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. मेगा या सॉफ्टवेअरमध्ये लाइकलीहुडचं झाड काढायला घेतलं की प्रथिनांसाठी जेटीटीच आधी निवडलेलं असतं, त्यामुळे खरंच असंख्य शोधनिबंधांत तेच दिसतं, आणि त्यांच्या जुन्या निकालांशी तुलना करायला ते सोयीचं पडतं. भांडू नका. जेटीटी+जीचं झाड परिशिष्टात ठेवा, मुख्य झाड निवडलेल्या मॉडेलचं द्या, आणि एक छोटा तक्ता करा: उभ्या ओळींत मॉडेलं, आडव्या ओळींत फक्त तीन-चार वादाच्या फांद्या, प्रत्येक चौकटीत त्या फांदीचा आधार. माकूल असताना आणि नसताना, असे दोन रकाने. सरांनी तो तक्ता बघितला की मला वाटतं ते स्वतःच म्हणतील की मॅक्रोब्रॅकियमची ओळ पुन्हा एकदा दाखव.

आणि ज्या मादीचा नमुना घेतलात तिचा फोटो असेल तर दुसऱ्या पट्टीचा भाग मोठा करून तुमच्या फाइलीत लावून ठेवा. बाजारातून आणलेल्या नमुन्यावर लेबल कोणाचं लागलंय, हा प्रश्न कोणतंही मॉडेल सोडवत नाही.